अनुदानाचा निर्णय आला की जेट्टी, टाकी आणि टँकरचं गणित कसं मांडायचं

इंधन अनुदानाची बातमी रुपयांत येते. सिलिंडरमागे इतके, लिटरमागे तितके. टर्मिनलवर मात्र तिचा परिणाम किलोलिटरमध्ये, तासांत आणि गेटबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत दिसतो. रुपयांची बातमी किलोलिटरमध्ये कशी उतरवायची, ते इथे मुंबईचं उदाहरण घेऊन मांडलं आहे. डेपोत नियोजन पाहणारे, पंपचालक, गॅस वितरक, टँकर वाहतूकदार आणि मच्छीमार सोसायट्यांचे सचिव यांच्या हे रोजच्या कामाचं आहे.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा: अनुदान बसलंय कुठे? ते तीनच ठिकाणी असू शकतं. एक, थेट दरात, म्हणजे काही ग्राहकांना माल स्वस्त आणि इतरांना महाग. दोन, ग्राहकाच्या बँक खात्यात, म्हणजे माल सगळ्यांना एकाच दराने आणि फरक नंतर खात्यावर. तीन, तेल कंपनीच्या वहीत, म्हणजे दर गोठवलेला, कंपनी तोटा सोसतेय आणि सरकार भरपाई देईल तेव्हा देईल. पहिल्या प्रकारात माल वाट बदलतो. दुसऱ्यात वाट तीच राहते, पण मागणीचं वेळापत्रक हलतं. तिसऱ्यात आयात करणाऱ्याचा पैसा अडकतो. हे न तपासता केलेलं नियोजन पहिल्याच आठवड्यात कोलमडतं.

मुंबईतला माल कुठून कुठे जातो

बॉम्बे हायचं कच्चं तेल समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला आणि तिथून ट्रॉम्बेकडे येतं. आयात केलेलं कच्चं तेल जवाहर द्वीपावर उतरतं. जुने लोक त्याला अजून बुचर आयलंडच म्हणतात. तिथून ते पाण्याखालच्या नळांनी माहुलच्या दोन रिफायनऱ्यांत जातं: एक हिंदुस्थान पेट्रोलियमची, एक भारत पेट्रोलियमची. पीरपावच्या जेट्ट्यांवर रसायनं, तयार पेट्रोलियम पदार्थ आणि गॅस हाताळला जातो. खाडीपलीकडे जेएनपीएच्या (न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या) द्रव मालाच्या जेट्टीवर एलपीजीची जहाजं लागतात आणि गॅस उरणच्या टर्मिनलला जातो.

बाहेर जाणाऱ्या वाटा चार. मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणारी पाइपलाइन, पुणे-सोलापूरची पाइपलाइन, उरण-चाकण एलपीजी पाइपलाइन, आणि माहुल, शिवडी, वडाळा इथून सुटणारे टँकर.

हा नकाशा डोक्यात हवा, कारण प्रत्येक पदार्थाचं अनुदान वेगळ्या जागी लागतं. डिझेल इथेच माहुलला तयार होतं. त्यामुळे डिझेलच्या अनुदानाचा धक्का आधी गॅन्ट्रीला, म्हणजे टँकर भरण्याच्या जागेला बसतो, जेट्टीला नंतर. एलपीजीचं उलट आहे. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त गॅस आयात होतो आणि त्याचा मोठा भाग आखाती देशांतून येतो. मागणी हलली की तिची झळ थेट जहाजाच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचते.

परिपत्रक वाचताना

बातमीवर काम करू नका, परिपत्रक हाती घ्या. त्यातून या गोष्टी वहीत उतरवा: पदार्थ कोणता आणि कोणत्या पॅकमध्ये (१४.२ किलो, १९ किलो, सुटा), ग्राहकाचा वर्ग कोणता, वर्षाची मर्यादा किती, अंमल कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून, आणि फरक कोण, कधी भरणार.

वेळेचं महत्त्व लोक विसरतात. जून २०१७पासून पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतात, तर गॅसच्या दरांचा फेरविचार साधारण महिन्याच्या १ तारखेला होतो. मोठा बदल मात्र मध्यरात्रीच लागू होऊ शकतो. ४ नोव्हेंबर २०२१ला उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरलं, २२ मे २०२२ला पुन्हा ८ आणि ६ रुपयांनी. ज्या पंपाच्या टाकीत त्या रात्री १५ किलोलिटर डिझेल होतं, त्याने ते जुन्या शुल्काने विकत घेतलेलं. १५,००० लिटर गुणिले १० रुपये, म्हणजे दीड लाख रुपये एका रात्रीत गेले.

अशा अनुभवानंतर डीलर काय करतो? कपातीची कुणकुण लागली की लोड मागवत नाही, टाकी तळाला नेतो. वाढीची कुणकुण लागली की दोन लोड जास्त मागवतो. म्हणून निर्णयाच्या आधीच्या तीन-चार दिवसांतले इंडेंट, म्हणजे पंपांनी डेपोकडे नोंदवलेले लोड, ही खरी मागणी समजू नका. नियोजनासाठी पंपाच्या नोझलची विक्री घ्या, डेपोतून निघालेला माल नको. कपातीच्या आधी टाक्या रिकाम्या करून बसलेले सगळे पंप दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम गाड्या मागतात. त्या सकाळसाठी आदल्या संध्याकाळीच जादा चालक आणि क्लीनर सांगून ठेवा, शक्य असेल तर पहाटेची पाळी लवकर सुरू करा.

टाकीचं गणित: मोठी टाकी असूनही माल का संपतो

पुढच्या सगळ्या हिशेबांचा पाया हाच आहे, म्हणून तो सावकाश करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या टाकीचे आकडे तिथे घाला.

टाकी १०,००० किलोलिटरची. सुरक्षित भरती ९५ टक्के धरली तर ९,५००. तळाचा न निघणारा साठा, ज्याला सगळे डेड स्टॉक म्हणतात, तो ८००. म्हणजे वापरता येणारा माल ८,७००. रोजचा उठाव १,४५० असेल तर कागदावर ६ दिवसांचा साठा. मागणी १५ टक्के वाढली की उठाव सुमारे १,६६७ होतो आणि साठा ५.२ दिवसांवर येतो. फार घाबरण्यासारखं वाटत नाही.

पण टाकी नेहमी भरलेली नसते. ६,००० किलोलिटरचं पार्सल (जहाजातून एका खेपेत येणारा माल) उतरवून घ्यायचं असेल तर जहाज लागताना टाकीत तेवढी जागा रिकामी हवी. म्हणजे त्या वेळी साठा जास्तीत जास्त ३,५००. त्यातून डेड स्टॉक वजा केला की २,७०० उरतात. जुन्या उठावाने तो १.८६ दिवसांचा माल, नव्या उठावाने १.६२ दिवसांचा. खरी सुरक्षा एवढीच असते. पावसाळ्यात समुद्र खवळून पायलटला (जहाज बंदरात आणणाऱ्या वाटाड्याला) जहाजावर चढता आलं नाही आणि दोन दिवस गेले, तर हा डेपो कोरडा.

मागणी घटली तरी सुटका नाही. ६,०००ची जागा मोकळी व्हायला १,४५०च्या उठावाने ४.१४ दिवस लागतात, जहाजं त्या अंतराने आखलेली. अनुदान कमी झालं आणि उठाव १५ टक्के पडून १,२३२ झाला, तर तेवढ्या दिवसांत ५,१०० किलोलिटरच जातात. ९०० किलोलिटरची जागा अजून व्हायची आहे आणि जहाज दारात उभं. ती व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात. जहाजाचं डेमरेज (मुदतीबाहेर थांबवल्याचा आकार) दिवसाला २०,००० डॉलर धरलं, तर साडेचौदा हजार डॉलर नुसत्या वाट पाहण्यात गेले. त्यात मागच्या जहाजाची तारीखही पुढे ढकलली जाते, त्याच्या मागच्याचीही. टँकर जहाजांच्या करारात माल भरणं आणि उतरवणं मिळून साधारण ७२ तासांची मुदत असते. भरण्याच्या बंदरात त्यातले किती तास गेले ते विचारून घ्या, नाहीतर मुंबईत ३६ तास हातात आहेत असं समजून बसाल आणि असतील २०.

गॅससाठी हाच हिशेब करताना एक फरक करा. बुलेट (आडव्या नळकांड्यासारख्या टाक्या) आणि गोळ्यांमध्ये (चेंडूसारख्या गोल टाक्यांमध्ये) द्रव गॅस आकारमानाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरत नाहीत. उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा लागते. ९५ टक्के धरून केलेला गॅसचा आराखडा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे.

दोन दर, एकच डिझेल

अनुदान दरात बसलं की काय होतं, याचा धडा मुंबईने दोनदा घेतला आहे. जानेवारी २०१३मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांना बाजारभावाने डिझेल द्यायचं ठरवलं आणि किरकोळ पंपांवर अनुदानित दर ठेवला. फरक सुमारे दहा रुपयांचा होता. एसटीसह अनेक राज्यांच्या परिवहन मंडळांनी आगारातल्या स्वतःच्या पंपाऐवजी रस्त्यावरच्या पंपावरून डिझेल घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा मार्च २०२२मध्ये. युक्रेन युद्धाने भाव भडकले आणि किरकोळ दर नोव्हेंबरपासून गोठलेले. मुंबईत घाऊक डिझेल लिटरला १२२.०५ रुपये आणि पंपावर ९४.१४. फरक २७.९१ रुपयांचा. दुसऱ्या खेपेला कागदावर अनुदान नव्हतंच, दर गोठवला होता एवढंच. टँकरला त्याने काही फरक पडत नाही.

दिवसाला ५,६०० लिटर लागणाऱ्या आगारासाठी (८० बस, प्रत्येकी ७० लिटर) हा फरक रोज दीड लाखाच्या वर जातो. कोणताही व्यवस्थापक पंपावरच जाणार, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आता जवळच्या पंपाचं पाहा. डिझेलची टाकी २० किलोलिटरची, सुरक्षित भरती १९, तळात १. रोजची विक्री ६. हा पंप १२ किलोलिटरची गाडी दर दोन दिवसांनी मागवतो. गाडी रिकामी करायला साठा ७वर आलेला हवा, म्हणजे त्या क्षणी वापरता येण्याजोगा ६, पूर्ण एक दिवसाचा. आगार या पंपावर आलं की विक्री ११.६ होते, गाडी रोज लागते आणि तेच ६ किलोलिटर अर्ध्या दिवसाचे उरतात. गाडी चेंबूरच्या वाहतुकीत किंवा अवजड वाहनांच्या बंदीच्या तासांत अडकली की पंपावर फलक लागतो. लोक म्हणतात डिझेलची टंचाई आली. रिफायनरीत माल भरलेला असतो.

गॅन्ट्रीवर याहून मोठी गोष्ट घडते आणि ती आकड्यांत पटकन दिसत नाही. घाऊक ग्राहक २४ किलोलिटरची गाडी एका जागी रिकामी करत होता. पंपांना बहुतेक १२ची गाडी लागते. म्हणजे २४० किलोलिटर डिझेलसाठी आधी १० गाड्या होत्या, आता २०. एका गाडीने भरणं, सील आणि कागद धरून अर्धा तास बे (गॅन्ट्रीवरची गाडी भरण्याची एक जागा) अडवला, तर तेवढ्याच लिटरसाठी रोज ५ बे-तास जास्त. एकूण विक्री एक लिटरनेही वाढलेली नाही, तरी गेटबाहेर रांग.

म्हणून निदान असं करा. एकाच आठवड्याचे दोन आकडे शेजारी ठेवा: थेट ग्राहकांची विक्री आणि पंपांची विक्री. एक पडली, दुसरी तेवढीच चढली आणि बेरीज जागच्या जागी असेल, तर माल फक्त दार बदलून बाहेर पडतोय. अशा वेळी जादा माल मागवणं ही सगळ्यात महाग चूक. मागवायच्या असतात त्या १२ किलोलिटरच्या गाड्या. सोबत रात्रपाळीचे भरण आणि आगाराजवळच्या पंपांना ठरलेल्या वेळेचे लोड. आगारालाही सांगा की सगळ्या बस एकाच पंपावर नेऊ नका, तीन पंपांत वाटा आणि रात्री दहानंतर भरा.

बेरीजही चढत असेल तर कारण बहुधा खासगी पंप. गोठलेल्या दराने विकून तोटा करून घ्यायला त्यांना कुणी भरपाई देत नाही, म्हणून ते विक्री आवरतात आणि त्यांचे ग्राहक सरकारी कंपन्यांच्या पंपांवर येतात. २००८मध्ये रिलायन्सने आपले १,४३२ पंप याच कारणाने बंद केले होते. ही वाढ मात्र खरी आहे. तिच्यासाठी जास्त माल लागतो.

एक इशारा. दोन दरांच्या काळात कारखाने पंपावरून पिंपांत डिझेल नेऊ लागतात. डिझेल वर्ग ‘ब’चं पेट्रोलियम आहे. परवान्याशिवाय साठवता येतं ते २,५०० लिटरपर्यंत, तेही १,००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नाही. पंपचालकाने ही मर्यादा ग्राहकाला तोंडावर सांगावी. आग लागल्यावर दर कोणाला किती होता हे कोणी विचारत नाही.

गॅस: खात्यातलं अनुदान आणि जहाजाचं वेळापत्रक

नोव्हेंबर २०१४मध्ये काही जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५पासून देशभर ‘पहल’ आली. सिलिंडर बाजारभावाने, अनुदान खात्यात. पुरवठासाखळीच्या नजरेने ही आजवरची सगळ्यात चांगली सुधारणा आहे असं आम्ही ठामपणे म्हणतो, कारण तिने एकाच घरगुती सिलिंडरचे गोदामातच दोन दर असणं संपवलं. मे २०१६मध्ये उज्ज्वला सुरू झाली आणि मागणीचा पाया रुंदावला. मे २०२२मध्ये उज्ज्वलाधारकांना सिलिंडरमागे २०० रुपये, ऑक्टोबर २०२३पासून ३०० रुपये. २०२५-२६साठी ३०० रुपयांचं हे अनुदान वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत ठेवलं गेलं, आधी मर्यादा १२ होती.

मर्यादा आली की वर्षाच्या शेवटाकडे लक्ष द्या. हक्काचे सिलिंडर उरले असतील तर ते मार्च संपायच्या आत घेण्याकडे कल असतो. आपल्या वितरकांच्या गेल्या तीन वर्षांच्या मार्च आणि एप्रिलच्या नोंदी काढून हा फुगवटा मोजा. समजा रोज २५,००० सिलिंडर भरणाऱ्या प्लांटला मार्चमध्ये १० टक्के जास्त मागणी आली. २,५०० सिलिंडर गुणिले १४.२ किलो म्हणजे ३५.५ टन, १८ टनांचे जेमतेम दोन टँकर. जहाजाच्या मानाने हे काहीच नाही. मोठ्या रेफ्रिजरेटेड जहाजातल्या ४५,००० टनांत सुमारे ३१.७ लाख सिलिंडर भरतात. म्हणून मार्चच्या फुगवट्यासाठी जहाज मागवू नका, भरणाची जादा पाळी लावा आणि रिकामे सिलिंडर आधीच परत गोळा करा. अडतं ते रिकाम्या सिलिंडरवर. वितरकाच्या गोदामात रिकामे पडून आणि प्लांटची साखळी थांबलेली, असं वरचेवर होतं.

कनेक्शनची संख्या वाढवणारा निर्णय असेल तर मात्र जहाजाचा विचार करावाच लागतो, तोही बराच आधी. जहाजातून प्रोपेन उणे ४२ अंशांच्या आसपास आणि ब्युटेन शून्याच्या आसपास येतो. गार साठवणाऱ्या टाकीत तो तसाच घेता येतो. साध्या बुलेटमध्ये घ्यायचा तर वाटेत गरम करत घ्यावा लागतो आणि मग उतरवण्याचा वेग जहाजाचा पंप ठरवत नाही, हीटर ठरवतो. टर्मिनलची क्षमता विचारताना टाकी किती टनांची हे विचारून थांबू नका, हीटर तासाला किती टन घेतो तेही विचारा.

आता दर गोठला की काय होतं ते किलोमागे मोजा. एप्रिल २०२५मध्ये मुंबईत घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ८५२.५० रुपयांना होता, म्हणजे किलोला ६० रुपये. १९ किलोचा व्यावसायिक १,७००च्या आसपास, म्हणजे किलोला साधारण ८९. फरक २९ रुपये. यातला काही भाग कराचा आहे: घरगुतीवर ५ टक्के जीएसटी, व्यावसायिकवर १८. कर काढला तर ५७ आणि ७६, फरक १९. घरगुतीतून व्यावसायिक वापराकडे वळणारा गॅस पूर्ण २९ रुपयांकडे पाहून वळतो, पण धोरणाने किती आणि कराने किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.

ही चोरटी वाट प्लांटवर ओळखता येते. १९ किलोचं भरण घटतंय आणि त्याच भागात १४.२ किलोचं हंगामाशी न जुळता वाढतंय, तर हॉटेलं आणि टपऱ्यांकडे घरगुती सिलिंडर चाललेत असं समजा. मे महिन्यात, लोक गावी गेलेले असताना, लालबाग-परळसारख्या भागात घरगुती उठाव वाढलेला दिसला तर वितरकाच्या डिलिव्हरी कोडच्या नोंदी तपासाच. आणि असा गॅस कोणी अवैध जागी दुसऱ्या सिलिंडरमध्ये भरत असेल, तर ती जागा चाळीत किंवा झोपडपट्टीत असते. तिथे गळती म्हणजे माणसांचे जीव.

वहीतलं अनुदान: पैसा कधी येणार

घरगुती गॅस तोट्यात विकल्याची भरपाई म्हणून ऑक्टोबर २०२२मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना २२,००० कोटी रुपयांचं अनुदान मंजूर झालं. ते होतं जून २०२० ते जून २०२२ या काळासाठी. ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा ३०,००० कोटी मंजूर झाले, १२ हप्त्यांत द्यायचे. म्हणजे माल आज उतरतो, आज जळतो आणि त्याचा उरलेला पैसा दीड-दोन वर्षांनीही येऊ शकतो.

एका जहाजावर याचा हिशेब असा. ४५,००० टन, टनाला ६०० डॉलर, डॉलर ८५ रुपये धरला तर माल सुमारे २३० कोटींचा. वर्षाला ८ टक्के व्याजाने रोजचे ५ लाख रुपये. सिलिंडरमागे १०० रुपये तोटा असेल तर त्याच जहाजावर जवळजवळ ३२ कोटींचा खड्डा, तो भरपाई येईपर्यंत कर्जावर. हा भार वाढला की आयात करणारा साठा आवळतो: जहाजांमधलं अंतर वाढवतो, टाकी वर ठेवायची ती मध्यावर ठेवतो. वरच्या टाकीच्या गणितात १.८६ दिवस होते, ते याच निर्णयाने दीड दिवसावर येतात आणि कोणत्याही परिपत्रकात ते लिहिलेलं नसतं. म्हणून भरपाईच्या हप्त्यांच्या तारखा आणि जहाजांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लावा. भरपाई लांबली आणि पुढे जून असेल, तर पावसाळ्याआधीचा साठा कमी करू देऊ नका. पैसे वाचवायचेच असतील तर डिसेंबरात वाचवा.

रॉकेल गेलं, पण त्याची जागा भरावी लागते

रेशनच्या निळ्या रॉकेलवरचा तोटा मार्च २०२०पर्यंत शून्यावर आणला गेला. दर थोडे थोडे वाढवत नेले, सोबत कोटाही आकसत गेला. हे योग्यच झालं. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा किती खोल गेला होता हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळ पकडताना जिवंत जाळलं गेलं. मुंबईहून जाणाऱ्या पाइपलाइनवरचे पानेवाडीचे डेपो त्याच परिसरात आहेत.

पण रॉकेल एक तांत्रिक कामही करत होतं. एकाच पाइपलाइनमधून पेट्रोल आणि डिझेल एकामागून एक सोडताना मध्ये रॉकेलची बॅच घालण्याची पद्धत आहे. पेट्रोल डिझेलमध्ये किंचित जरी शिरलं तरी डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, खाली येतो. मानकाप्रमाणे तो किमान ३५ अंश हवा. रॉकेलचा ज्वलनांकही तेवढ्याच मर्यादेत बसतो, म्हणून डिझेलकडच्या टोकाला थोडं रॉकेल मिसळलं तरी चालून जायचं. रॉकेलची मागणी गेली तर ती बॅच शेवटी विकायची कोणाला? म्हणून तिचा आकार लहान होतो आणि चूक करायला जागा उरत नाही.

त्यात एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाचं कडक मानक. डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांहून जास्त चालत नाही, रॉकेलला त्याहून कितीतरी जास्त मुभा आहे. हिशेब करून पाहा: १०,००० किलोलिटर डिझेलमध्ये गंधक ६ आहे आणि १,००० गंधकाचं रॉकेल २० किलोलिटर मिसळलं, तर गंधक ८ होतं, माल पास. तेच ५० किलोलिटर गेलं तर ११, अख्खी टाकी नापास. म्हणून मधल्या बॅचसाठी कमी गंधकाचंच रॉकेल घ्या. बॅचचं टोक पोहोचायच्या आधी घनतेचे नमुने दर काही मिनिटांनी घ्या आणि मिश्रणाचा भाग वेगळ्या टाकीत काढा. ती टाकी भरली असेल तर बॅच सोडूच नका.

रिकाम्या झालेल्या रॉकेलच्या टाक्या दुसऱ्या मालाला देताना घाई करू नका. डिझेलसाठी गाळ काढून, वायुमुक्त करून, तळाची जाडी मोजून घेतली की भागतं. विमानाच्या इंधनाला द्यायची तर आतून रंगलेप, तरंगती सक्शन, गाळण्या आणि पूर्ण स्वतंत्र नळ लागतो. रॉकेल आणि विमानाचं इंधन दिसायला सारखेच, म्हणून हा खर्च टाळण्याचा मोह होतो.

मच्छीमार सोसायट्यांसाठी

राज्य सरकार यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं, सोसायटीमार्फत. हे अनुदानही नंतर हाती येणारं आहे: आधी पूर्ण दराने भरा, मग परताव्याची वाट पाहा. सोसायटीचा पंप घाऊक ग्राहकात मोडला तर दोन दरांच्या काळात दुहेरी मार बसतो. ससून डॉकपासून वर्सोवा-मढपर्यंत हे भोगून झालं आहे.

प्रत्येक नौकेचं वेगळं पान ठेवा: नोंदणी, परवान्याची मुदत, मंजूर कोटा, उचललेलं डिझेल, फेरीची तारीख. टाकीचं सकाळ-संध्याकाळ डिप (मोजपट्टी बुडवून घेतलेलं साठ्याचं माप), पंपाचं मीटर आणि पावत्यांची बेरीज रोज जुळली पाहिजे. परताव्याचा प्रस्ताव अडकतो तो बहुतेक याच तीन आकड्यांच्या तफावतीवर किंवा परवाना संपलेल्या एखाद्या नौकेवर. परतावा किती महिने उशिरा येतो ते पाहून तेवढ्या महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला ठेवा, नाहीतर ऐन हंगामात लोडचे पैसे भरता येत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे अखेरीस टाकी भरून ठेवू नका. दोन महिने पडून राहिलेल्या डिझेलखाली पावसाळी हवेचं पाणी साचतं आणि ते नौकेच्या इंजिनात जातं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी दाखवणारी पेस्ट लावून डिप घ्या, तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला आणि पहिल्या लोडची मागणी २५ तारखेच्या आत नोंदवा. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या सोसायट्यांना एकदम गाड्या हव्या असतात. त्याच दिवसांत १ ऑगस्टच्या दरबदलाची हवा असेल तर पंपवालेही त्याच रांगेत उभे असतात.